ताजी मुशी

हसलात तुम्ही. बाकीचं मागाहून बोलू, आधी तेवढं कबूल करा. परीक्षक म्हणून तुम्हाला पाठवलं होतं, कोट घालून आला होतात, आणि एका मुलीचा हात चुकला तेव्हा सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं हसलात. चूक तिची होती. ती कधी नाही म्हणाली नाही. पण हसायचा अधिकार तुम्हाला कुठल्या विद्यापीठानं दिला, ते तुम्ही आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मुलीचं नाव मंजुळा. वेसाव्याची. पोस्टाच्या भाषेत वर्सोवा, अंधेरी पश्चिम. बाप महादू दुसऱ्याच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी त्याच्या हुकमानं चालायची आणि नफा मालकाच्या हुकमानं. आई सोनूबाई अंधेरीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. त्यांच्या आळीतून इंटर सायन्सपर्यंत पोचलेली मंजुळा पहिलीच. तिला डॉक्टर व्हायचं होतं. का, ते विचारू नका. मुलग्यांना कुणी विचारत नाही.

सदुसष्ट सालची गोष्ट. प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल दुसऱ्याच एका कॉलेजात होतं. प्रत्येकाच्या पुढ्यात ट्रे आणि ट्रेमध्ये एक मुशी. मुशी म्हणजे शार्क माशाचं धाकटं भावंड, हातभर लांब. तिच्या काळजातून कल्ल्यांकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या असतात, दोऱ्यासारख्या. त्या न तोडता मोकळ्या करून दाखवायच्या, एवढंच काम. मंजुळाच्या कॉलेजात वर्षभर मुशी यायची ती औषधात टिकवून ठेवलेली. ताठ, पिवळी, डोळ्यांत पाणी आणणारी. त्या लाकडाला तिचा हात मासा म्हणून ओळखतच नसे, म्हणून वर्षभर तिचं काम वर्गात सगळ्यांत नेटकं.

त्या दिवशी औषधातल्या मुशी कमी पडल्या, म्हणून पहाटे बाजारातून ताज्या आणलेल्या होत्या. ओली, लवलवती, दर्याचा वास असलेली मुशी. मंजुळानं तिच्यावर हात ठेवला आणि हाताला घरी आल्यासारखं वाटलं. तरी तिनं कात्री घेतली, सुरुवात बरोबर केली. तेवढ्यात तुम्ही मागून आलात. घड्याळ बघत म्हणालात, "चल, आटप लवकर."

हे शब्द ती कळायला लागल्यापासून ऐकत आलेली. आईच्या टोपलीपुढे उभं राहिलेलं प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं. कात्री खाली पडली, ट्रेशेजारची मोठी सुरी हातात आली. मुशीचे पर उडाले. कल्ल्यांत बोट घालून एक हिसका. पोट उभं फाडलं, आतडी एका बाजूला, कलेजी तेवढी वेगळी ठेवली, कारण मुशीची कलेजी कुणी टाकत नाही. तुकडे पाडायला सुरी उचलली, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण बाजारात नाही.

ज्या वाहिन्या दाखवायच्या त्या कल्ल्यांबरोबर ट्रेच्या कडेला गोळा होऊन पडल्या होत्या.

"वा!" तुम्ही म्हणालात. "मसाला पण आणलायस का वाटून?"

हॉल हसला. तुम्ही त्याच्याही वर हसलात. शेजारच्या मुलाच्या हातून वाहिनी तुटली होती, त्याला तुम्ही बादलीतून दुसरी मुशी दिली होती. मंजुळानंही मागितली. तुम्ही म्हणालात, "तुला कशाला? विकायला?"

जूनमध्ये निकाल लागला. मंजुळा पास झाली. लेखी पेपर चांगले गेले होते, पण मेडिकलची यादी तिच्या जरा वरच तुटली. जेवढं त्या ट्रेमध्ये सांडलं होतं, तेवढंच कमी पडलं. बीएस्सीला कुणीही घेतलं असतं. तिनं ठरवलं, वर्षभर ड्रॉप घ्यायचा, परीक्षेला परत बसायचं आणि परत अर्ज करायचा.

हे कोळीवाड्याला समजावणं हाच एक वेगळा पेपर होता.

"नापास झायली काय गो पोर?" शेजारच्या सखुबाईनं विचारलं. सखुबाई बाजारातही सोनूबाईच्या शेजारीच बसायची, त्यामुळे तिच्यापासून सुटका फक्त झोपेत.

"नाय. पास झायली," सोनूबाई म्हणाली.

"मंग घरा कशाला बसली?"

"परत पास व्हायला."

सखुबाईनं तोंडातली मिशेरी थुंकली. "नापास झायली असती तं डोस्क्यात तरी शिरलं असतं माझ्या. पास होऊन घरा बसनारी पयलीच बघते."

खाडीपलीकडच्या मढचं एक स्थळ आलेलं होतं. मुलाची स्वतःची होडी, तिला नवं इंजिन. सोनूबाईच्या मनात ते भरलेलं होतं आणि ती काही मनात ठेवणारी बाई नव्हती. "वरीसभर नुसती बसून काय करशील? त्या इंजिनाला वरीसभर थांबायला सांगू?"

"इंजिनाशी तूच लग्न कर, आये."

"थोबाड बघ कार्टीचं!"

महादू जाळं विणत बसला होता. तो होडीवर बोलायचा, घरात नाही. त्यानं सुई तोंडात धरून एवढंच म्हटलं, "पानी उतरलं म्हनून कोन होडी विकतो काय? भरती येऊ दे." आणि परत गाठी मारायला लागला. सोनूबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर त्यानं सुई गिळली असती. पण स्थळाचा विषय त्या दिवसापुरता मिटला.

मंजुळाच्या कॉलेजात अनुपमाबाई म्हणून प्राणिशास्त्राच्या तरुण प्राध्यापिका होत्या. मंजुळा त्यांना भेटून आली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, आणि सल्ला दिला तो असा: वर्षभर मासळी कापूच नकोस. हाताला सवय आहे, ती मोडू दे. न कापता राहिलीस की हात आपोआप विसरेल.

मंजुळाला ते पटलं. तिनं घरी येऊन सांगितलं, की आजपासून मी कोयत्याला हात लावणार नाही, घरात नाही आणि बाजारातही नाही.

सोनूबाईला वाटलं, पोर थट्टा करतेय. थट्टा नाही हे कळायला तिला वेळ लागला. कोळ्याच्या घरात मुलीनं मासळी न कापणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. लग्न ठरवताना मुलीचं नाक नंतर बघतात, आधी हात बघतात. मासळी पुढ्यात ठेवतात आणि सासू डोळे बारीक करून बसते. "उद्या तू सांगशील, दर्याकडं बघनार नाय," सोनूबाई म्हणाली. पण संध्याकाळी सगळे बोंबील तिनं एकटीनंच साफ केले आणि मंजुळाला हाक मारली नाही.

पावसाळ्याचे ते दिवस तसे संथ गेले. होड्या किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांखाली झाकलेल्या. मंजुळा सकाळी आईबरोबर सुकी मासळी घेऊन बाजारात जायची, जवळा मापून द्यायची, दुपारी परत येऊन पुस्तक उघडायची. तिच्या पुस्तकांना सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, वास लागला होता. घरात एकच खिडकी. तिच्यापाशी मंजुळा बसायची. बाहेर पोरं आरडाओरडा करायची, कुणाची तरी कोंबडी उंबऱ्यावर चढायची, आणि मंजुळा माणसाच्या रक्ताचा फेरा पाठ करायची. तिला बरं वाटायचं. कॉलेजात असताना तिला कधी एवढं समजलं नव्हतं, कारण तिथे समजण्याच्या आधी पुढचा धडा यायचा. लोक म्हणत होते पोरीचं वर्ष फुकट चाललंय, आणि पोर मात्र आयुष्यात पहिल्यांदा घाई न करता वाचत होती.

नारळी पुनव झाली, दर्याला नारळ दिला, होड्या लोटल्या. ताज्या मासळीचे दिवस आले. बाजारात अशी झुंबड उडाली की सोनूबाईला हात पुरेनात. एक जुनं गिऱ्हाईक, गोरेगावचे श्यामसुंदर म्हणून एक पेन्शनर, पिशवी नाचवत उभे राहिले.

"सोनूबाई, हलवा घेतला. पैसे दिले. आता कापून देणार, की तो म्हातारा होईपर्यंत थांबू?"

"थांबा जरा भाऊ, मना काय दहा हात हायेत?"

"ही धडधाकट पोरगी बसलीय ना! आटप गं बाई लवकर."

मंजुळानं कोयता कधी उचलला ते तिला कळलं नाही. पुढचं कळलं तेव्हा हलव्याचे तुकडे कागदावर होते, एकसारखे, डोकं अर्धं चिरलेलं, आणि श्यामसुंदर खुशीत निघून चालले होते. उपासकरी माणूस पारण्याच्या पानावर तुटून पडावा तसा तिचा हात तुटून पडला होता. इतक्या दिवसांत तो काही म्हणजे काही विसरलेला नव्हता. उलट भुकेला झाला होता.

ती हाताकडे बघत बसली. सखुबाईनं शेजारून टोमणा मारलाच, "सुटलं गो सोवळं?"

मंजुळा त्या दिवशी जेवली नाही. रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला निघताना तिनं आईला सांगितलं, "आये, आजपासून सगळी मासळी मीच कापनार."

"देवा! परीक्षा आटपली वाटतं तुझी."

"नाय. पन सावकाश कापनार. गिऱ्हाईक काय पन बोलू दे. आनि तू मागून ओरडायचं, आटप लवकर, आटप लवकर. माझा हात धावला, तर पाठीत धपाटा घालायचा."

सोनूबाईनं टोपली डोक्यावरून खाली ठेवली. "म्हंजे गिऱ्हाइकाला थांबवायचं? मुद्दाम?"

"व्हय."

"माझ्या टोपलीवर?"

"दुसऱ्या कुनाच्या टोपलीवर मना कोन बसू देईल?"

सोनूबाईनं आयुष्यभर एकच गोष्ट कमावलेली होती: तिच्याकडे माणूस थांबत नाही. घेतलं, कापलं, चाललं. पार्ल्याच्या बायका लांबून तिच्याकडे यायच्या त्या याच्यासाठी. आता पोर म्हणत होती, ते मोडून मला दे. सोनूबाईनं पदर खोचला. टोपली उचलली आणि चालायला लागली. पण बाजारात पोचल्यावर कोयता तिनं स्वतःच्या पुढ्यात न ठेवता मंजुळाच्या पुढ्यात ठेवला.

मग जे सुरू झालं त्याला अंधेरीच्या बाजारात तोड नव्हती. मंजुळा एक बांगडा असा कापायची की जणू त्याची परवानगी घेतेय. आधी बघायची, मग टेकवायची, मग चिरायची, मग परत बघायची. मुशी आली तर कल्ल्यांजवळ इतकी हळू जायची की गिऱ्हाईक वाकून बघायचं, काय हरवलंय म्हणून. आणि मागून सोनूबाई ओरडायची, "आटप गो! आटप लवकर! मानसं खोळंबली!" हात जरा धावला की धपाटा. पहिल्या दिवशी मंजुळाची पाठ लाल झाली.

"सोनू, तुझी पोर मासा कापते की त्याला झोपवते?" सखुबाई विचारायची.

"तू तुझं बघ. तुझा मासा तं आनतानाच झोपलेला असतो, दोन दिसांपासून."

हळूहळू सगळ्या बाजारानं ते उचललं. बर्फवाला गोणी ओढत जाताना ओरडायचा, "आटप लवकर, डॉक्टरीन!" कोथिंबीरवाली ओरडायची. शेजारच्या दुकानातला गुजराती शेठ, जो मासळीच्या बाजूला तोंडही करत नसे, तो नाकाला रुमाल लावून लांबूनच म्हणायचा, "जल्दी करो, जल्दी करो ना बेन." सगळ्यांना गंमत वाटत होती. मंजुळालाही कधी कधी हसू यायचं, पण हात सावकाश. तोंड हसलं तरी हात हसत नाही, एवढं तिला जमायला लागलं.

गिऱ्हाईकं मात्र तुटली. पार्ल्याची एक बाई, सोनूबाईची कित्येक वर्षांची, पिशवी घेऊन उभी राहिली, पाय बदलले, उसासे टाकले, शेवटी म्हणाली, "सोनूबाई, मला घरी पाहुणे आहेत. पोरीला शिकवायचं तर घरी शिकवा."

मंजुळानं आईकडे बघितलं. कोयता आईच्या हातात द्यायला ती अर्धी उठलीसुद्धा. सोनूबाईनं खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"बाय, थांबायचं तं थांब, नायतं ती सखू बसलीय बाजूला. माझी पोर परीक्षेचा अभ्यास करते."

बाई सखुबाईकडे गेली आणि परत आली नाही. तिच्यासारख्या आणखीही गेल्या. संध्याकाळी टोपलीत उरलेली मासळी मिठात जायला लागली. सोनूबाई त्यावर एक अक्षर बोलली नाही, आणि जी बाई अक्षर बोलल्याशिवाय राहत नाही ती गप्प बसली की घराला ते जास्त ऐकू येतं. मढच्या त्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात दुसरीकडे झालं. सोनूबाई लग्नाला जाऊन जेवून आली, आणि म्हणाली, "इंजिनाचा आवाज लय मोठा हाय. बरं झालं."

एप्रिलमध्ये परत परीक्षा. आणि ऐका मजा: ज्या मुशीसाठी वर्षभर हात बांधला, ती आलीच नाही. ट्रेमध्ये निघाला बेडूक. मंजुळाला क्षणभर वाटलं, सगळ्या बाजाराला बोलावून दाखवावं. मग तिनं कात्री घेतली आणि बांगड्याची घ्यायची तशी बेडकाची परवानगी घेतली. परीक्षक वेगळे होते. तेही घड्याळ बघत मागून गेले, तेही काहीतरी पुटपुटले. तिला ऐकू आलं, हाताला आलं नाही.

या वेळी मार्क भरपूर पडले. अर्ज केला. मुलाखतीला बोलावणं आलं, शहरातल्या मोठ्या कॉलेजात. सोनूबाईनं बाजार बुडवला, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि लेकीबरोबर निघाली. पोर्चमधल्या शिपायानं तिला हटकलं, "मासळी मागच्या दारानं, बाई." तिनं त्याला टोपली नसलेले दोन्ही हात दाखवले आणि पुढच्याच दारानं आत गेली. खोलीबाहेर बाक होता. त्याच्यावर बसली, पाय वर घेऊन, घरी बसते तशी.

आत तुम्ही तिघं होतात. परीक्षेत हसलेले ते गृहस्थ तुमच्यात नव्हते. पण मंजुळाला फरक दिसला नाही, म्हणून इथंही 'तुम्ही'च. तोंडं बदलली होती, खुर्ची तीच.

सगळं इंग्रजीत चाललं. बापाचं नाव, गाव, मार्क. मार्क बघून मधल्या साहेबांनी मान हलवली, ती चांगल्या अर्थानं. मग त्यांना मधलं मोकळं वर्ष दिसलं.

"या वर्षात तू काय करत होतीस?"

"मासे कापत होते, सर."

डावीकडचे खोकले. उजवीकडच्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मधल्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे वर्ष वायाच घालवलंस." आणि मग समजावणीच्या सुरात, चांगल्या मनानं, चांगल्या मनाची माणसं बोलतात तसं बोलले: एक जागा म्हणजे सरकारचा केवढा खर्च. मुली जागा अडवतात, लग्न करतात, घरी बसतात. त्यातून तुमच्या समाजात तर लवकरच करतात. एखाद्या मुलाचा हक्क जातो. विचार केला आहेस का?

"केलाय, सर."

"ठीक आहे. तू जा. आम्ही कळवू."

कळवू म्हणजे काय, हे बाजारात वाढलेल्या पोरीला वेगळं सांगावं लागत नाही. भाव विचारून "येते हं परत" म्हणणारं गिऱ्हाईक कधी परत येत नसतं. मंजुळा उठली. पण ती बाहेर गेली नाही. तिनं जाऊन दार सताड उघडलं. बाकावर बसलेल्या सोनूबाईनं पाय खाली सोडले आणि आत बघितलं. मंजुळा परत आली, खुर्चीवर बसली, आणि मराठीत बोलली. सावकाश.

"साहेब, माझे मार्क तुमच्यापुढे आहेत. गेल्या साली कमी होते, तेव्हा मी कुणाला काही विचारलं नाही. घरी गेले. या साली कमी नाहीत. वर्ष वाया गेलं की नाही ते ज्यांचं गेलं त्यांना ठरवू दे. लग्न मी करीन की नाही, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. ती बाहेर बसलीय ती माझी आई. तिला इंग्रजी येत नाही. 'कळवू' असं सांगून तिला घरी न्यायचं मला जमणार नाही, कारण ती वाटेत विचारील, म्हणजे काय, आणि माझ्याकडे उत्तर नाही. ते तुमच्याकडे आहे. मला घेताय की नाही? नसाल घेत, तर कशासाठी नाही? मराठीत सांगा, तिला कळेल असं. दार उघडंच आहे. बोला."